तार हरवली की

अर्धापूरच्या पुढं, केळीच्या बागांना लागून पारध्यांची चार-दोन पालं होती. तिथली एक बाई दुपारी बांधावर फेकून दिलेली केळी वेचत होती, तेव्हा बागमालकाच्या पुतण्यानं तिला काठीनं मारलं. मनगट मोडलं. ती तशीच चालत ठाण्यात तक्रार द्यायला गेली. मालकाचा फोन तिच्या आधी पोचला होता. विहिरीवरच्या मोटारीची तार चोरली म्हणून तिलाच बसवून ठेवलं.

तिच्या जावेनं आम्हाला कळवलं. नांदेडला मी बायांच्या एका छोट्या संघटनेत काम करते. माझी वकील मैत्रीण आणि मी मिळेल त्या गाडीनं निघालो.

ती व्हरांड्यात फरशीवर बसलेली होती. सुजलेलं मनगट पदरात गुंडाळलेलं. शिपाई तिच्या पायांवरून ओलांडून ये-जा करत होते, उंबरठा ओलांडावा तसं.

साहेबानं आम्हाला मात्र खुर्च्या दिल्या. टेबलावर केळीची फणी होती.

"घ्या ताई. आत्ताच बागेतून आलीत."

कुणाच्या बागेतून, ते विचारायची गरज नव्हती.

"तिचा हात मोडलाय," मैत्रीण म्हणाली. "दवाखान्यात का नेलं नाही?"

"तुम्ही शहरातल्या, ताई. ही जात तुम्हाला ठाऊक न्हाई. लई नाटकं असतात यांची." केळं सोलत तो बोलत होता.

"तार सापडली का तिच्याजवळ?"

"सापडंल की."

आम्ही खुर्च्या सोडल्या आणि तिच्या शेजारी फरशीवर जाऊन बसलो. पालावरच्या बाया आल्या, मागून आमच्याही आल्या. मैत्रीण वरच्या अधिकाऱ्यांना फोन लावत राहिली. दिवस कलल्यावर कुठं तिची तक्रार लिहून घेतली आणि तिला दवाखान्यात न्यायला सोडलं. चोरीचा गुन्हा तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारणीला हे सांगितलं. शिकलेली, नोकरी करणारी बाई. ती म्हणाली, "मारायला नको होतं गं. पण काहीतरी चोरलं असेलच ना?" तिच्या हातचा चहा तसाच ठेवून मी उठले. साहेबाचं एक वेळ समजत होतं. हिला तर कुणी फणी पाठवली नव्हती.

पुतण्याला लगेच जामीन मिळाला. तिचं मनगट वाकडं जुळलं. आता त्या हातानं घागर उचलवत नाही. चोरीच्या खटल्यात मालक कोर्टात फिरकलाच नाही, शेवटी ती सुटली. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "ताई, मंग ठाण्यातलं माझं नाव पुसलं का?"

पुसलं नाही. आजही शिवारात तार हरवली की पोलिसांची गाडी आधी तिच्या पालासमोर थांबते. फरक एवढाच, की आता गाडी दिसली की सगळ्या पालांतल्या बाया बाहेर येऊन तिच्याभोवती उभ्या राहतात, आणि पुढं होऊन तीच विचारते, "झडतीचा कागद हाय का?"