हर्षलाचं जांभळं शेत

पळसदरीचा चांगो भातशेतीतला माणूस. कमी बोलतो, बांध सरळ घालतो. मी गवंडी होतो. त्याच्या घराचा गिलावा माझ्या हातचा, तेव्हापासूनची ओळख.

दिवाळीनंतर त्याची लेक हर्षला नवऱ्याला सोडून माहेरी आली, ती कायमची. चित्रकला शिकलेली पोर. कुणाशी धड बोलेना, नुसती रंगवत बसे. ती विहिरीकडे निघाली की चांगो काहीतरी निमित्त काढून मागे जाई.

होळी झाल्यावर त्यानं मला बोलावलं. पडवीत चित्र वाळत ठेवलं होतं. त्याचंच शेत. पण आभाळ हिरवट, डोंगर तांबडा आणि मधोमध काळसर जांभळा चौकोन.

"बघ रं," चांगो हळूच म्हणाला, "पोरीच्या मनात काय हाय ते."

"हिरवं आभाळ कुनी बघितलंय?" त्याची बायको गौराबाई म्हणाली. "डोकं ठिकाणावर नाय तिचं."

"आये, मला ऐकू येतंय," हर्षला आतून बोलली आणि बाहेर आली. तिनं सांगितलं, फ्रान्सकडच्या काही चित्रकारांनी ही रीत जुन्या काळी काढली. दिसतो तोच रंग लावायचा असं नाही. मनाला वाटेल तो लावायचा.

चांगोचा चेहरा आणखी उतरला. "म्हंजे तुला असं काळं वाटतंय?"

मी चित्राजवळ गेलो. चित्रातलं मला कळत नाही, हात कळतो. मन उडालेला माणूस गिलावा करताना आधी कोपरे सोडतो. हिनं चारही कोपरे दाबून भरले होते. तसं मी सांगितलं. चांगोचं समाधान झालं नाही.

"त्या जांभळ्याचं बोल," तो तिला म्हणाला.

"राब हाय तो, बाबा. दर साल भाजता आनि वळखला नाय?"

राब म्हणजे शेण, तोडलेल्या फांद्या, पाला पसरून भाजलेली जमीन. भाताचं रोप तिथंच टाकतात. ज्याला पेरायचं नाही तो राब भाजत नाही.

चांगो जोत्यावर टेकला. बराच वेळ आवाज न करता हसत होता.

"राख जांभळी असते व्हय गं?"

"पेरावंसं वाटलं की दिसते."

"मग फांद्या तोडायला चल. यंदाचा राब भाजायचाय. रंगवून भाजत नाय तो."

"चला की."

कोयता त्यानं स्वतः तिच्या हातात दिला, आणि पुढं चालू लागला. मागं वळून पाहिलं नाही.