मुलाखतीच्या दाराबाहेर

दुसऱ्याच्या मुलाखतीच्या दाराबाहेर तुम्ही कधी बसला आहात?

मी बसले आहे. विद्यापीठातल्या विद्यार्थी मार्गदर्शन कक्षाची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हापासून तेच माझे आसन. आत विद्यार्थी घाम पुसतो, बाहेर मी नामस्मरण करते. देवळाबाहेर चपला साचाव्यात तसे त्या दाराबाहेर किस्से साचतात. कोणाचे कोणते ते पुढे ओळखू येत नाही, पण फेकून देववत नाहीत.

येथे सांगते ते बहुतेक सारे एकाच वर्षाचे. त्या वर्षी आमच्या कक्षाला एक काळजी होती. तिचे नाव दुर्गा. नागपूरच्या हुडकेश्वर भागात भाड्याच्या दोन खोल्यांत ती आणि तिची आई राहत. आई धंतोलीतल्या एका दवाखान्यात आया. गुडघे थकलेले, काम सुटण्याच्या बेतात. दुर्गाला नोकरी लागली तर खोल्या राहणार, नाही तर मायलेकींना गावी मामाच्या आश्रयाला जावे लागणार. मुलगी हुशार. अभ्यास चोख. मुलाखतीत मात्र तिच्या तोंडून शब्द फुटत नसे.

* * *

सरावाच्या मुलाखतीतला पहिला प्रश्न ठरलेला असतो : स्वतःविषयी सांगा.

राकेश नावाच्या मुलाने हे फार मनावर घेतले. त्याने पणजोबांपासून आरंभ केला. पणजोबांची विहीर झाली. आजोबांची बैलजोडी झाली. मग काकांचा पानठेला आला आणि तो उधारीने कसा बुडाला, हेही आले. समोरच्या प्राध्यापकांनी घड्याळ पाहिले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"अरे, पण यात तू कुठे आहेस?"

राकेश दुखावला. "येऊनच राहिलो होतो ना, सर! पहिले बाबाचं लग्न तर होऊ द्या!"

* * *

दुर्गाची अडचण निराळी. प्रश्न कानी पडला की ती शाळेतल्यासारखी उभी राही. मुलाखत मंडळातले कोणी तरी सौजन्याने म्हणे, "बसा, बसा." ती बसे, आणि उत्तरही तिच्याबरोबर खाली बसे.

मी तिला एकदा जवळ घेऊन विचारले, "येते ना तुला हे सगळे?"

"येते, मॅडम. उभी असली की सगळं येते. पण उभी राहिली की सर लोक बसवून देतात!"

तिची जिवाभावाची मैत्रीण पल्लवी शेजारीच होती. हुडकेश्वरच्या त्याच गल्लीतली, आणि जिभेला हाड नसलेली. ती म्हणाली, "मग एसटीत कंडक्टर हो वं दुर्गे! दिवसभर उभीच राहशील, कोणी बस म्हणणार नाही!"

दुर्गा हसली. मी हसले नाही. निदान तिथे तरी नाही.

* * *

गांधीबागेतल्या एका कापड व्यापाऱ्याने आमच्या कक्षाला एक निळा कोट दिला होता. ज्याच्याकडे कोट नाही त्याने मुलाखतीपुरता तो घालावा, अशी त्यामागची सद्भावना. माणूस देवभीरू. मात्र कोट एक आणि गरजू अनेक. आमचे शिपाई धनराजभाऊ व्हरांड्यात उभे राहत, बाहेर येणाऱ्याच्या अंगातून कोट उतरवत आणि आत जाणाऱ्याच्या अंगात चढवत. बारीक मुलाच्या अंगावर तो झुले. जाड मुलाला श्वास जपून घ्यावा लागे.

एकदा बाहेरगावच्या कंपनीचे वयस्कर अधिकारी आले. तीन मुलांच्या मुलाखती त्यांनी शांतपणे घेतल्या. चौथा आत शिरताच त्यांनी पेन खाली ठेवले.

"कोट आम्हाला पसंत आहे. आता आतली माणसे कोटाशिवाय पाठवा!"

* * *

आमच्याकडे अभ्यासात मागे पडलेली मुलेही येतात. त्यांच्यासाठी माझा नियम साधा आहे. सकाळी कक्षात यावे, मोबाईल माझ्या टेबलावरच्या डब्यात ठेवावा, दुपारपर्यंत वाचावे.

अक्षय हा नियम फार भक्तिभावाने पाळी. रोज वेळेवर येई, डब्यात मोबाईल ठेवी, मला नमस्कार करी आणि कोपऱ्यात जाऊन बसे. इतरांना मी त्याचे उदाहरण देऊ लागले होते. एक दिवस त्याच्या आईचा मला फोन आला. बाई गहिवरल्या होत्या.

"मॅडम, तुमचे लई उपकार. पोरगं सुधारलं. आताच फोन करून सांगून राहिला मले, की आई, माहा फोन मॅडमजवळ जमा हाये!"

मी डब्यातला मोबाईल उघडून पाहिला. आत बॅटरीच नव्हती.

* * *

'तुमचा अवगुण कोणता?' या प्रश्नाला त्या वर्षी सगळ्यांचे एकच उत्तर होते : 'मी कामात स्वतःला फार झोकून देतो.' कुठल्या तरी व्हिडिओत सांगितले होते म्हणे. ज्यांनी आयुष्यात कधी स्वतःच्या चादरीची घडी केली नाही, तेही झोकून देत होते.

मी सर्वांना उभे करून सुनावले, "देव पाहत असतो. खरा अवगुण सांगा."

दुसऱ्या दिवशी पल्लवी मंडळासमोर बसली. प्रश्न आला. तिने हात जोडले.

"सर, मी खोटं फार सुंदर बोलते."

मंडळाने एकमेकांकडे पाहिले. यावर विश्वास ठेवावा की नाही, हे कोणालाच ठरवता येईना!

* * *

अखेर शहराबाहेरच्या एका कंपनीने आमची मुले मागितली. पहिली फेरी फोनवर. दुर्गाचा फोन सोमवारी, पल्लवीचा मंगळवारी. बुधवारी कंपनीच्या अधिकारी बाईंनी मला कळवले.

"तुमची दुर्गा रत्न आहे हो. काय बोलते! पण ती पल्लवी? तिने दुर्गाची उत्तरे शब्दशः पाठ केली होती. दुर्गा जिथे हसली, तिथेच हीसुद्धा हसली! अशी नक्कल करणारी मुलगी आम्हाला नको."

दुर्गा बोलली? फोनवर? मी कक्षातल्या देवापुढे साखर ठेवली. ती ठेवून वळते, तोच पल्लवी तणतणत आत आली.

"मॅडम, ती बाई मले नकलची काहून म्हणते? मी कोणाची कॉपी नाही केली! ते उत्तरं माहेच होते! दोन्ही दिवस माहेच…"

ती थांबली. धनराजभाऊंनी चहाचा कप टेबलावर हलकेच ठेवला आणि म्हणाले, "हो गया काम."

दारात दुर्गा उभी होती. पल्लवी खाली मान घालून म्हणाली, "तिची आई रोज रडते, मॅडम. मले पाहवलं नाही. तिचा फोन घेऊन आमच्या गच्चीवरून मीच बोलली, बारीक आवाजात, दुर्गा बनून. मले का माहीत, दोन्ही दिवस तीच बाई राहीन म्हणून!"

"दया देवाची आहे," मी म्हणाले. "पण जीभ त्याने प्रत्येकाला एकेकच दिली आहे. ती उसनी देण्याची वस्तू नव्हे."

मी कंपनीचा नंबर लावला आणि फोन दुर्गापुढे धरला. "खरे सांग."

"नोकरी जाईन, मॅडम. मग खोल्या सोडा लागतीन."

"लागतील. सांग."

ती उभीच होती. "मॅडम, मी दुर्गा. सोमवारी बोलली ते मी नव्हती." मग तिने सारे सांगितले. पलीकडून बाईंनी एक प्रश्न विचारला. दुर्गाने उत्तर दिले. दुसरा विचारला. तिसरा. दुर्गा न अडखळता बोलत राहिली, कारण फोनवर तिला 'बसा' म्हणणारे कोणी नव्हते.

पल्लवी कपाळाला हात लावून बाकावर बसली. "इतकं सोपं होतं? मग मी काहून मेली!"

दुर्गाला नोकरी मिळाली. हुडकेश्वरच्या खोल्या राहिल्या. पल्लवीला कंपनीने त्या वर्षापुरती दारे बंद केली, आणि मी त्यात रदबदली केली नाही.

पुढल्या वर्षी तिने त्याच कंपनीत पुन्हा अर्ज केला. मुलाखतीच्या वेळा कळवण्याचे काम आता दुर्गाकडे होते. पल्लवी माझ्यासमोर बसलेली असतानाच दुर्गाचा फोन आला, तो तिने स्पीकरवर लावला.

"बाकी सगळ्यांच्या मुलाखती फोनवर हायेत," दुर्गा म्हणाली. "तुले समोर यावं लागीन. दुपारी."

"फोनवर घे ना वं! ऊन नाही पाहून राहिली काय?"

"पाहून राहिली. तोंडाले दुपट्टा बांधून ये. इथं आली की सोडजो."

नागपूरचा मे महिना होता. पल्लवी बस बदलत गेली.