सात इंची पक्कड

आमच्या मजल्यावरच्या मिस्त्रीवहिनींना हार्डवेअरच्या दुकानात चोरी करताना पकडलं, ही बातमी सकाळी साडेअकराला तळमजल्यावरच्या शिंप्याकडून निघाली आणि बाराच्या आत चौथ्या मजल्यावर पोचली. तीही लिफ्ट बंद असताना. शिंप्यापाशी ती तीन पकडींची चोरी होती. पहिल्या मजल्यावर डझनभर पकडी झाल्या, दुसऱ्यावर दुकानदाराशी झटापट झाली आणि चौथ्यावर पोलिसांची गाडी आली. खोटं कशाला बोलू, गाडी मीच जोडली. नुसती चोरी फारच अळणी वाटत होती.

खरं काय ते दुपारी वहिनींनीच आमच्या दारात उभं राहून सांगितलं. ते दुकान जिन्याखालचं. आत भरदिवसाही एक पिवळा दिवा, आणि तोही दुकानदारासारखाच अर्धवट झोपेत. वहिनींना बघायचं होतं, की पकडीचे जबडे मिटल्यावर मधून उजेड दिसतो का. उजेड दिसला तर ती पक्कड तार नीट धरणार नाही. मग त्या तीन पकडी घेऊन सरळ रस्त्यावर उन्हात आल्या. दुकानदार चहा पीत होता, तो कपासकट मागे धावला. शिंप्यानं पाहिलं ते एवढंच: पुढे वहिनी, हातात पकडी, मागे ओरडणारा दुकानदार, त्याच्या शर्टावर चहा. यातून माणसानं समजायचं तरी काय?

"चोर मध्येच थांबून, पक्कड सूर्याकडे धरून एक डोळा मिटतो का हो, भावोजी?" वहिनींनी मला विचारलं. "आणि ती पोलिसांची गाडी कुणी आणली?"

"लोक काय, काहीही बोलतात," मी म्हणालो. आमची ही आतून खोकली. तिला सर्दी नव्हती.

आता या वहिनी कोण, ते सांगतो. त्यांचे यजमान म्हणजे आमचे मिस्त्री. अर्ध्या गल्लीचं वायरिंग त्यांच्या हातचं. तीन वर्षांपूर्वी शिडीवरून पडले आणि कंबर जी धरली ती सुटलीच नाही. तेव्हापासून काम वहिनी करतात आणि मिस्त्री खाली खुर्चीत बसून सूचना करतात. वहिनी शिडीवर चढल्या, की खालून आवाज येतो, "लाल डावीकडे, लाल डावीकडे!" वरून उत्तर येतं, "डावीकडेच आहे. तुम्ही उलटे बसलाय." काम झालं, की कागदावर सही मात्र मिस्त्रींची, कारण परवाना त्यांच्या नावाचा. मध्यंतरी तपासणीला आलेल्या साहेबांनी खुर्चीतले मिस्त्री पाहिले, शिडीवरच्या वहिनी पाहिल्या आणि सांगून गेले, की पुढल्या महिन्यापासून जो शिडीवर त्याचाच परवाना पाहिजे. नाहीतर काम बंद.

म्हणून परीक्षा. पहिल्या खेपेला वहिनी नापास झाल्या. लेखीत नाही, तिथे त्यांनी पेपर असा सोडवला होता की तपासणाऱ्यानंच काही शिकावं. नापास झाल्या हाताच्या कामात. हत्यारं आपापली न्यायची असतात, तर त्या मिस्त्रींची पिशवी घेऊन गेल्या. त्यांची पक्कड आठ इंची आणि मिस्त्रींचा पंजा म्हणजे सुपाएवढा. वहिनींच्या हाताला ती पक्कड मिटता येते, पण उघडायला दुसरा हात लागतो. आणि शिडीवर दुसरा हात शिडीला असतो. वेळ संपली तेव्हा दिव्याची एक तार जोडायची राहिली होती. आता दुसरी खेप, आणि ती हुकली तर पुढची सहा महिन्यांनी. सहा महिने हातावर हात ठेवून बसायचं, तर घर कशावर चालवायचं?

"पक्कड नापास झाली नाही, तू झालीस," मिस्त्री म्हणाले होते. हे ते अजिबात रागानं म्हणाले नव्हते, एवढंच त्यांच्या बाजूनं सांगतो. त्या पकडीवर त्यांचा जीव. अठरा वर्षांची. मुठीवर एवढ्या वेळा टेप गुंडाळली होती, की ती पक्कड थंडीच्या दिवसांत मफलर घालून बसल्यासारखी दिसे.

दुसऱ्या दिवसापासून वहिनी जिन्याखालच्या दुकानात जाऊ लागल्या. उन्हातल्या प्रकारानंतर दुकानदारानं त्यांना दाराशी स्टूल टाकून दिलं, कारण पुन्हा धावायची त्याची तयारी नव्हती. मीही एकदा खिळे घ्यायच्या निमित्तानं गेलो. खिळ्यांची मला काहीच गरज नव्हती.

काय सांगू, तो सोहळाच होता. वहिनींच्या पर्समधून आधी एक स्क्रू निघाला, आमच्याच जिन्यातल्या बोर्डाचा. (तो बोर्ड तेव्हापासून तीन स्क्रूंवर होता, हे मला नंतर कळलं.) प्रत्येक स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्यांनी त्या स्क्रूच्या खाचेत बसवून पाहिलं. "हा डुलतो. डुलला की खाच खातो." बाजूला. "हा जाड." बाजूला. मग वायरचा तुकडा निघाला, त्यातली केसाएवढी एकच तार वेगळी काढली आणि पकडीच्या धारेत धरली. पहिल्या पकडीत ती नुसती वाकली. दुसरीत चेपली. तिसरीत टक् करून तुटली.

"वहिनी," दुकानदार कपाळाला हात लावून म्हणाला, "तुम्ही पक्कड घेताय की जावई निवडताय?"

"जावई बिघडला तर मुलगी घरी येते," वहिनी मान वर न करता म्हणाल्या. "ही बिघडली तर मीच घरी येणार नाही."

मग मुठी. एका चकचकीत पकडीच्या मुठीवर शॉक अडवण्याची खूण, म्हणजे दोन त्रिकोण आणि '१००० व्होल्ट', असं छापलेलं होतं. वहिनींनी त्यावर अंगठ्याचं नख घासलं. एक शून्य निघून आलं.

"अहो, माल खराब करताय!"

"मी नाही हो. आता शंभर व्होल्टची राहिली. अजून घासू का?"

शेवटी दुकानदार माळ्यावर चढला आणि एक धुळकट खोकं घेऊन उतरला. त्यात सात इंची पक्कड होती. खूण मुठीत कोरलेली, सांधा न डुलणारा, जबड्यात उजेड नाही. वहिनींनी एका हातानं उघडली, मिटली, उघडली, मिटली. करंगळीनं मूठ ढकलली, की आपसूक उघडे. त्यांचा चेहरा असा काही खुलला, की मी चुकून खिळ्यांची दोन पाकिटं घेऊन बसलो.

घरी मात्र मिस्त्रींनी ती हातात घेतली आणि फक्त "खेळणं आहे" एवढं म्हणून परत ठेवली. दोन दिवस ते कमी जेवले. आमच्या हिनं वहिनींना विचारलंसुद्धा, "अहो, सवत आणल्यासारखे काय वागताहेत?" वहिनी म्हणाल्या, "सवत परवडली असती. त्या जुन्या पकडीसारखी तिला निदान टेप लावावी लागत नाही."

परीक्षेच्या दिवशी मिस्त्रींच्या कमरेमुळे सोबतीला कुणीतरी हवं होतं. गल्लीत माझ्याइतका रिकामा आणि उत्सुक माणूस दुसरा नाही, म्हणून मी. परीक्षा एका तंत्रशाळेच्या लांबलचक खोलीत होती. आम्ही दोघं बाहेर खिडकीच्या गजांशी उभे. आत बारा परीक्षार्थी, बारा टेबलं, भिंतीशी शिड्या. वहिनी सोडून सगळे पुरुष, आणि प्रत्येकासमोर सुटकेसएवढं हत्यारांचं खोकं. वहिनींच्या टेबलावर पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर आणि वायर सोलायचा स्ट्रिपर. बस.

परीक्षक फूटपट्टी घेऊन फिरत होते. वहिनींच्या पकडीपाशी आले, पट्टी लावली, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला.

"ही सात इंची आहे. यादीत आठ लिहिलंय."

"काम तेच करते, साहेब."

"काम नंतर. आधी यादी. आठ इंची नसेल तर बसता येणार नाही."

सहा महिने, एका इंचासाठी! तेवढ्यात माझ्या शेजारून एक हात गजांमधून आत गेला.

"साहेब, ही घ्या! आठ इंची! अठरा वर्षं चालू आहे!"

मिस्त्रींनी ती पक्कड कोटाच्या आतल्या खिशात आणली होती. वाटेत मी कमरेला कळ लागल्येय का म्हणून दोनदा विचारलं, तेव्हा कण्हल्यासारखं करून गप्प बसले होते, वस्ताद! परीक्षकांनी पक्कड घेतली, मोजली, यादीवर खूण केली. "झालं. करा सुरुवात." मिस्त्री इतके खूश झाले, की गज धरून ताठ उभे राहिले.

पण वहिनी जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी ती पक्कड घेतली आणि मुठीवरची टेप नखानं उकलायला लागल्या. काळी निघाली, खाली लाल निघाली, तिच्याखाली पुन्हा काळी. टेबलावर टेपची गुंडाळी वाढत गेली. शेवटी आतली मूठ दिसली. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत चिरलेली, आणि फटीतून चकाकणारं लोखंड.

"साहेब," त्या म्हणाल्या, "तुमच्या यादीत ही बसते. मग हिच्यासमोर लिहा, 'मूठ तपासली, ठीक आहे', आणि खाली सही करा. मी हिनंच काम करते."

"यादीत मुठीचं काही नाही."

"म्हणून तर सही मागते."

परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. पुन्हा लावलं. पलीकडच्या टेबलावरच्या एका गड्यानं हळूच आपल्या पकडीची मूठ उलटून पाहिली. मग दुसऱ्यानं आपली मूठ बघितली. मग तिसऱ्यानं.

"सगळ्यांसमोर सोलली तिला," मिस्त्री माझ्या कानाशी पुटपुटले. मी जन्मभर लोकांच्या फजितीवर जगलोय, पण त्या वेळी मी गजावरचा गंज खरवडत राहिलो.

परीक्षकांनी टोपण आणखी एकदा काढून लावलं आणि पेन खिशात टाकलं. "ठीक आहे. सातनंच करा. पण वेळ वाढवून मिळणार नाही."

वहिनी शिडीवर चढल्या. डावा हात शिडीला, उजव्यात ती सात इंची. टेस्टर आधी चालू बोर्डात लावून तो टेस्टरच नीट चालतो ना ते पाहिलं, मगच आपल्या तारांना लावला. मग काम सुरू झालं. पक्कड उघडे, मिटे, उघडे. तार सोलली, तर तांब्यावर ओरखडा नाही. मिस्त्री आधी भिंतीकडे तोंड करून उभे होते. मग अर्धे वळले. मग गजांना नाक लावून बघायला लागले.

"एका हातानं उघडतेय, बघा," ते मला म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "बघितलंत ना? एका हातानं." जणू ते खेळणं त्यांनीच शोधून काढलं होतं.

वेळ संपायला वीस मिनिटं असताना वहिनींचा दिवा लागला. परीक्षकांनी जोडणी तपासली, तारा ओढून पाहिल्या, एकही सुटली नाही. कागदावर 'उत्तीर्ण' लिहून सही केली. आम्ही दोघं तोवर दारात येऊन उभे होतो. कागद देताना परीक्षकांना राहवेना. सगळ्यांदेखत गेलेल्या तोऱ्यातलं थोडंसं परत मिळवायचं असावं.

"पास केलंय," ते म्हणाले, "पण एक सल्ला देतो, बाई. आठ इंचीची सवय करून घ्या. यादीत आठच आहे, पुढेही सगळीकडे आठच मागतील."

वहिनींनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

"साहेब, माझा हात आता वाढायचा नाही. यादी कागदाची आहे, ती बदला."