हा पीक कुणाचा?

वंदनाने स्वतःची पीएचडी स्वतः मोडली.

तिला जाऊन आज एक वर्ष झालं.

मुलुंडच्या आमच्या कॉलेजात ती केमिस्ट्री शिकवायची, मी मराठी. स्टाफरूममध्ये टेबलं शेजारी.

तिचा जीव एनएमआरवर. पेन्सिलीहून बारीक काचेच्या नळीत पदार्थ, नळी मोठ्या चुंबकात. मग कागदावर, आकड्यांच्या पट्टीवर, उभ्या रेषा येतात. एकेक रेषा म्हणजे एकेक पीक. पदार्थातले हायड्रोजन कुठे बसलेत ते त्यावरून कळतं.

मशीन आमच्याकडे नव्हतं. सँपल घेऊन ती दुसऱ्या संस्थेत जायची, कागद घेऊन परत यायची.

"काय गं, यंदा पीक कसं आलंय?"

"मराठीच्या बाई ना तू? ते पीक नाही, तो पीक."

वर्गात तिचा एकच प्रश्न. रेषेवर बोट ठेवून, "हा कुणाचा?"

बिल्डिंगमध्ये अनोळखी मूल दिसलं की आपण विचारतो, तसं.

उत्तर आल्याशिवाय बोट हलायचं नाही.

दहिसरला तिच्या दारावर पाटी आहे. नावाआधी थोडी कोरी जागा. वडिलांनी मुद्दाम सोडायला लावलेली. पुढेमागे 'डॉ.' येईल म्हणून.

सत्तेचाळिसाव्या वर्षी ते अगदी जवळ आलं. नवा पदार्थ तयार झाला होता. पेपर स्वीकारला गेला होता. थिसिस बाइंडिंगला जायचा होता.

तेव्हा एमएस्सीची एक मुलगी आपला कागद घेऊन स्टाफरूममध्ये आली.

"मॅडम, दोन पॉइंट एक सातला हा कुणाचा, कळतच नाही. तुमच्या पेपरमध्ये पण आहे ना, सेम?"

वंदना बघत राहिली. मुलीचा पदार्थ पूर्ण वेगळा होता.

दुसऱ्या दिवशी तिने नळी नेहमीसारखी धुतली. पदार्थ घातलाच नाही. पदार्थ ज्यात विरघळवतात ते सॉल्व्हंट नुसतं भरून घेऊन गेली.

पीक आला.

ॲसिटोन. नळ्या धुवायला वापरतात ते. नळी नीट वाळली नाही की आत उरतं. दर बॅचला ती हे बजावायची.

पण तिच्या नव्या पदार्थाचा पीकही त्याच जागी यायला हवा होता. हवा तिथे आला, म्हणून त्याला तिने कधी विचारलंच नाही.

नीट वाळवलेल्या नळीत पदार्थ घालून पाहिला, तर तो पीक नाही. नवा पदार्थ झालाच नव्हता.

"अगं, कुणाला कळणार आहे?" मी म्हटलं. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

"त्या पोरीने विचारलंय ना. तिला काय सांगू?"

पेपर तिने मागे घेतला. थिसिस थांबवला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मध्ये आजारपण आलं. ते काम पुरं झालं नाही.

तो चुकीचा कागद मात्र तिने लॅबच्या दारावर लावला. दरवर्षी पहिला तास तिथेच, उभ्याने.

"हा कुणाचा?"

मुलं अंदाज करायची. सगळे चुकले की ती सांगायची, "माझा. नळी मी धुतली होती."

ती मुलगी आता आमच्याकडेच शिकवते. आज लॅबवरून जाताना पाहिलं, दारासमोर नवी बॅच उभी होती. तिचं बोट कागदावर.

"हा कुणाचा?"

अंदाज चुकत गेले. तिने बोट हलवलं नाही.

मग म्हणाली, "आमच्या मॅडमचा."

दहिसरच्या पाटीवर ती जागा अजून कोरी आहे.

तुला अभिवादन, वंदना.
जयभीम.