चोरीला गेलेलं विमान

आमच्या संशोधनाचा अहवाल आता विद्यापीठाच्या कपाटात आहे. पण अहवालात न बसलेलं बरंच काही आमच्या डोक्यात राहिलंय. चहाला बसलो की एकेक बाहेर येतं!

विषय होता, गुन्ह्यात अडकलेले बौद्धिक दिव्यांग. टीम तिघांची: आमचे सर, मी आणि सुनंदाअक्का. अक्का देवपूरच्या, विशेष मुलांच्या शाळेतून रिटायर झालेल्या.

*

धुळ्यात एका तरुणावर मोटारपंप चोरल्याची केस होती. वकील म्हणाले, "सगळं कबूल करून बसलाय. काय वाचवू?"

अक्कांनी त्याला जवळ बसवलं. "भाऊ, जळगावचं विमान तूच चोरलं ना?"

"हा."

"कुठे ठेवलंस?"

"घरमा शे."

वकिलांनी मिटलेली फाइल पुन्हा उघडली. "अक्का, कोर्टात याल?"

अक्का गेल्या. त्याची तपासणी झाली, जामीन झाला. पुढे खरा चोरही सापडला!

*

संशोधनात भाग घेणाऱ्या कैद्यांसाठीचं संमतीपत्र आम्ही चित्रं काढून, अहिराणीत केलं. मंजुरी देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीतले एक विद्वान भडकले, "ही काय संशोधनाची भाषा झाली?"

सर शांतपणे म्हणाले, "कैद्यांना समजली. तुम्हाला अवघड जात असेल, तर अजून सोपी करून देतो!"

लगेच मंजुरी मिळाली.

*

नशिराबादकडचे एक हवालदार पोलिसांसाठीच्या आमच्या ट्रेनिंगमध्ये, अक्का विमानाचा किस्सा सांगत होत्या तेव्हाही, सारखे जांभया देत होते. महिन्याभरानं त्यांचाच मला फोन. "मॅडम, एकाला आणलंय. जे विचारू त्याला 'हो' म्हणतोय. मी म्हटलं, विमान चोरलं का?"

"मग?"

"दोन चोरली म्हणे! जबाब थांबवलाय. तुम्ही या."

त्या दिवशी अक्कांनी सगळ्या ऑफिसला जिलबी खाऊ घातली.

*

कमलताई शिरपूरच्या. कुणीतरी दिलेली पिशवी त्यांनी सांभाळली. आत चोरीचे दागिने! आत काय आहे ते विचारायचं असतं, हेच त्यांना माहीत नव्हतं. जेल भोगून आल्या. सुटल्यावर सरांनी त्यांना मानधनावर टीममध्ये घेतलं. काम एकच, आमचं लिहिलेलं समजलं नाही की लाल कार्ड वर करायचं. आमची कितीतरी पानं त्यांनी नापास केली!

जळगावच्या कार्यक्रमात त्या पहिल्या रांगेत बसल्या. पोलिसांचे एक बडे अधिकारी लिहून आणलेलं भाषण वाचू लागले. लाल कार्ड वर! साहेब गडबडले. तेच वाक्य पुन्हा वाचलं. कार्ड वरच. मी खुर्चीत खाली सरकले. अक्का मात्र ताठ बसलेल्या.

शेवटी साहेबांनी कागद खिशात घातला. "म्हणजे बघा, माणूस ठाण्यात आणला, की पोलिसानं आधी विचारायचं, तुला समजलं का?"

कमलताईंनी कार्ड खाली ठेवलं.

"आते समजनं," त्या म्हणाल्या. "साहेब, तुम्हले समजनं का?"