चिंचेच्या बुडखाला शेंदूर

“…छोटा ट्रॅक्टर आणलाय की आमच्या दाजीनं. रानातली समदी बुडखं काढायलेत. धुऱ्यावरचं ते चिंचेचं तेवढं निघालं, की धुरा सरकला म्हणून समज. आन त्या शेजारणीला पत्ताबी न्हाई! तिला जर का कळलं ना, तर मग ती…”

एवढ्यात फाटा आला, कंडक्टरनं घंटी मारली आणि बोलणारी बाई पिशवी सांभाळत उतरून गेली.

आता मला सांगा, ही काय रीत झाली? वाक्य अर्धं टाकून माणूस एसटीतून उतरतं का?

परभणीहून झरीला येणारी गाडी. मी मागच्या सीटवर, उन्हापायी तोंडावर पदर घेतलेला. पुढची बाई मी अंबाड्यावरूनच ओळखली होती. आमच्या शेजारच्या सुमनची धाकटी बहीण. तिचे दाजी म्हणजे सुमनचा नवरा, दिनकरभाऊ. आणि ‘ती शेजारीण’ कोण, हे कळायला काही फार शिकावं लागत नाही. मी सातवी पास आहे. तेवढं पुरलं.

पुढं जे झालं त्याला गावातले लोक चमत्कार म्हणतात. मी सांगते ते ऐका आणि तुम्हीच नाव ठेवा. चहा मात्र आधी संपवा, अंगावर सांडेल.

दिनकरभाऊचं घर आमच्या घराला लागून आणि रान आमच्या रानाला लागून. भिंत एक, धुरा एक. धुरा म्हणजे दोन रानांमधला बांध. त्यावर एक चिंच होती. वादळात ती पडली, लाकडं दोन घरांनी वाटून घेतली आणि बुडूख तेवढं उरलं. चार माणसं पंगतीला बसतील एवढं! आमचे सासरे म्हणायचे, “धुरा कुठाय इचारलं तर चिंचेकडं बोट करायचं. कागद फाटतो, चिंच फाटत न्हाई.” म्हणजे बुडूख गेलं की खूण गेली. आणि खूण गेली की नांगराच्या एका ओळीएवढं रान, म्हणजे एक तास, औंदा जातं, एक तास पुढच्या साली. आमच्याकडं सख्ख्या भावांचं बोलणं बंद होतं ते असल्याच एका तासावरून.

तसं त्या बुडखानं आम्हाला काही सुख दिलं होतं अशातला भाग नाही. आमच्या रानाला गाडीवाट नाही. सोयाबीनचे कट्टे, म्हणजे पोती, डोक्यावर घेऊन धुऱ्यानं यायचं, आणि बुडखाला वळसा घालताना चिखलात एकदा तरी बसायचं. त्याला मी दिलेल्या शिव्या सांगण्यासारख्या नाहीत. पण शेवटी ते आपलं बुडूख!

मी घरी न जाता तशीच रानात गेले.

पाहते तर खरंच. ट्रॅक्टर कसला, ट्रॅक्टरचं पिल्लू! मोसंबीच्या झाडांमधून फिरावा म्हणून घेतलेला. पण त्या पिल्लानं दिनकरभाऊच्या रानातली बाभळीची बुडखं उपटून ओळीनं उताणी टाकली होती, मुळ्या वर. उरली होती फक्त आमची चिंच. आणि तिला चाटून, आमच्या अंगानं, पांढऱ्या फक्कीची सरळ रेघ!

“काय वहिनी, इकडं कुठं?” दिनकरभाऊ ट्रॅक्टरवरून म्हणाला.

“सरपण बघायले. ही रेघ कशाची ओ भाऊ?”

तो डोकं खाजवायला लागला. “ती व्हय… काई न्हाई. आपली अशीच.”

अशीच? माणूस धुऱ्यावर फक्की अशीच मारतो? रांगोळी आहे का ती?

मी सरपण गोळा करायचं नाटक करत तिथंच थांबले. पलीकडं म्हातारी गयाबाई शेळ्या चारत होती, तीही बघायला लागली. दिनकरभाऊनं बुडखाला साखळीचा फास टाकला, दुसरं टोक ट्रॅक्टरच्या मागं अडकवलं आणि गिअर टाकला. साखळी ताणली. ट्रॅक्टर गुरगुरला. बुडूख ढिम्म! त्यानं अजून रेस दिली आणि काय सांगू, ट्रॅक्टरची पुढची दोन्ही चाकं जमीन सोडून वर! पोळ्याचा बैल बुजावा तसा तो मागच्या पायांवर उभा!

“बंद कर! बंद कर मेल्या!” गयाबाई ओरडली.

ट्रॅक्टर दाणकन खाली आला. दिनकरभाऊ उतरला, त्याचा चेहरा फक्कीसारखा. “साखळी लय वर अडकीवली,” तो स्वतःशीच म्हणाला. “खाली घेतली पाहिजे. आन आधी मुळ्या मोकळ्या कराव्या लागतेल. आज पाणी सोडतो, उद्या मुरू देतो, परवा बघू.”

म्हणजे माझ्या हातात उद्याचा दिवस होता.

संध्याकाळी मालकांच्या पुढ्यात ताट ठेवलं आणि म्हणाले, “दिनकरभाऊ धुरा सरकवायलाय.”

“हं.”

“हं काय? रान जायलंय आपलं!”

“जेवू दे.”

आमचे मालक असे. घराला आग लागली तर आधी हात धुतील. मग मीच काय ते करायचं ठरवलं. सुमनची दह्याची वाटी आमच्याकडं होती, ती रिकामीच परत पाठवली. आता तुम्ही म्हणाल त्यात काय? अहो, आमच्याकडं शेजारची वाटी कधी रिकामी जात नाही. चटणी नाही तर चिमूटभर साखर, पण काहीतरी घालूनच जाते. रिकामी वाटी म्हणजे सरळ नोटीस!

सुमन भिंतीवरून डोकावली. “अक्का, बरं न्हाई का तुमाला?”

“मला काय धाड भरलीय?” मी म्हणाले आणि आत गेले. झोपताना वाईट वाटलं. पण रान गेलं तर जास्त वाईट वाटलं असतं, म्हणून तसंच झोपले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, कुत्रंही सावली सोडत नाही अशा वेळी, मी देवळीतली शेंदराची पुडी आणि वाटीभर तेल घेऊन रानात गेले. माझा विचार साधा होता. माणसाला माणूस भीत नाही, कोर्टाला भीत नाही. शेंदराला भितो. बुडखाच्या पुढच्या अंगाला मी चांगला हातभर शेंदूर थापला. वर दोन फुलं ठेवली. मागं सरून पाहिलं तर मलाच हात जोडावेसे वाटले!

कोणता देव, ते मात्र मी ठरवलं नव्हतं. घाईत राहून गेलं.

पण शेंदूर बुडखापेक्षा माझ्या हातालाच जास्त बसला. साबण लावला, राख लावली, रॉकेलनं पुसला. हात उलट उजळला! शेवटी चिंधी बांधली. “भाकर करताना पोळलं,” मी मालकांना सांगितलं. ते चिंधीकडं बघत होते, मग तांब्याकडं. तांब्यावर पाच केशरी बोटं उमटली होती. मी पदरानं तांब्या पुसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दिनकरभाऊच्या आधी गयाबाईच्या शेळ्या धुऱ्यावर पोचल्या. आणि गयाबाईच्या नजरेला काही पडलं की अख्ख्या गावानं ते पाहिलंच म्हणून समजा.

मी गेले तेव्हा बुडखाभोवती निम्मी झरी उभी. कुणी नारळ फोडला होता, कुणी लिंबू ठेवलं होतं. गयाबाई मधोमध उभी राहून सांगायली, “ह्या डोळ्यांनी बघितलं! ट्रॅक्टरानं पुढचे दोन पाय उचलून देवाला हात जोडले! मी म्हनलं बी, बंद कर मेल्या!”

“अगं म्हातारे, साखळी वर अडकली व्हती,” दिनकरभाऊ कळवळून म्हणाला.

“साखळी कुणी अडकीवली?”

“मीच की.”

“मग तुज्याकडून कुणी करवून घेतलं?”

दिनकरभाऊ पुन्हा डोकं खाजवायला लागला.

लोकांत फक्त देव कोणता यावर वाद होता. म्हसोबा म्हणणारे जास्त होते, दोघं मारुतीचे होते. मुळ्या तोडायला आणलेल्या गड्यांनी कुऱ्हाडी गुपचूप पाठीमागं धरल्या. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. वाचली चिंच! वाचला धुरा!

तेवढ्यात दिनकरभाऊनं डोक्याचं उपरणं काढलं, तोंड पुसलं आणि आमच्या मालकांकडं वळला.

“दादा, माफ करा. बुडूख ऱ्हाऊ द्यावं लागतंय. आता तुमची गाडीवाट काई व्हत न्हाई.”

“आमची कसली गाडीवाट?” हे मी म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला.

“तुमच्याच रानाची, वहिनी. सालोसाल तुमी डोस्क्यावर कट्टे न्यायलात, बघवंना. दादाला म्हनलं, धुरा माज्या रानात सरकवू आन एक गाडी जाईल एवढी वाट काढू. ही इकडची रेघ, ती तिकडची.”

“तिकडची कुठं हाय?”

“ती काय, तुराट्यांच्या गंजीमागं.”

मी गंजीमागं जाऊन पाहिलं. होती. चांगली दिनकरभाऊच्या रानात आत शिरलेली पांढरी रेघ. मी अर्धं वाक्य ऐकलं होतं आणि अर्धा रस्ता पाहिला होता!

“मला का न्हाई सांगितलं?” मी मालकांवर गेले.

“तुला सांगितलं म्हंजी गावाला सांगितलं,” मालक शांतपणे म्हणाले. “मग ह्याच्या भावकीतला कुणीतरी आडवा आला असता. काम झाल्यावर सांगणार व्हतो.”

माझी अवस्था काय झाली असेल? ज्या वाटेसाठी जन्मभर रडले, ती कुणीतरी फुकट देत होता आणि मी तिच्यावर देव आणून बसवला होता!

मी लगेच पलटी खाल्ली. “हे समदं खोटं हाय! असं रातोरात देव उगवतेत का? कुणीतरी टवाळानं शेंदूर फासला असंल!”

“जीभ सांभाळ,” गयाबाई म्हणाली. “तोंड वाकडं व्हईल.”

मी मालकांकडं पाहिलं. ते माझ्या चिंधीकडं बघत होते. आता इज्जत ठेवावी की वाट? सुमनही कडेला उभी होती, त्या रिकाम्या वाटीचं कोडं घेऊन. मी चिंधी सोडली आणि हात वर केला. केशरी, मनगटापर्यंत!

“टवाळ मीच हाय. हा शेंदूर मी लावला. धुरा जायलाय म्हणून लावला. आता काढा ते बुडूख.”

मला वाटलं, आता शिव्या पडणार. पडू देत. वाट तर होईल.

गयाबाई पुढं आली, माझ्या हाताकडं निरखून पाहिलं आणि मटकन खाली बसून माझ्या पायाला हात लावला. “बघा रे बघा! इतक्या बायांतून देवानं हिच्याच हातून शेंदूर लावून घेतला!”

“अगं, मी माझ्या मनानं लावला!”

“देव काय सांगून अंगात येतो व्हय?”

खोटं बोलले तेव्हा विश्वास ठेवला, खरं बोलले तर पाया पडायले! एकीनं मला कुंकू लावलं, दुसरीनं हळद. सुमननं तोंडाला पदर लावला होता. ती रडत नव्हती.

शेवटी दिनकरभाऊचंच डोकं चाललं. तो हात जोडून पुढं आला, डोळे मात्र हसत होते. “मग देवाला कुठं बसायचंय, ते वहिनींनीच इचारून सांगावं. हितं वाटंवर, का दुसरीकडं?”

मी डोळे मिटले. काय करणार? “देव म्हणतो, वाट मोकळी करा.”

“बसणार कुठं?” गयाबाईनं विचारलं.

दिनकरभाऊचं रान आधीच वाटेत जायलं होतं. त्याला अजून देव कसा द्यावा? “आमच्या रानात,” मी म्हणाले. “कोपऱ्याला.”

मग सगळ्या गावानं मिळून बुडूख काढलं. जे गडी कुऱ्हाडी लपवत होते तेच आता देवासाठी चराचरा मुळ्या तोडायले. दिनकरभाऊनं साखळी ह्या वेळी ट्रॅक्टरच्या अगदी खालच्या हुकाला अडकवली, बुडखाच्या पुढं एक जुनं टायर उभं करून साखळी त्यावरून घेतली, म्हणजे ओढ वरच्या अंगाला लागते. दमादमानं गिअर टाकला. चाकं जमिनीवरच राहिली. पाणी पिऊन मऊ झालेल्या काळ्या मातीतून कडकड मुळ्या तुटल्या आणि दाढ उपटावी तसं ते बुडूख वर आलं. पिल्लानं ते ओढत आमच्या रानात नेलं. पुढं हलगी, मागं बाया, आणि ट्रॅक्टरच्या बाजूनं मी, गळ्यात हार!

गाडीवाट झाली. झकास झाली. औंदा सोयाबीनचा एक कट्टाही डोक्यावर घेतला नाही. म्हणजे धुरा सरकला, हे एसटीतलं बोलणं खरंच होतं. फक्त सरकला तो दिनकरभाऊच्या अंगाला. आणि आमचं रान जाणार ही माझी भीती? तीही खरी निघाली. देवाला ओटा लागला, ओट्यापुढं बसायला जागा लागली, चपला काढायला जागा लागली. आमचा चांगला कोपरा गेला. कुणी खाल्ला? मी थापलेल्या शेंदरानं!

सुमनकडं मी वाटीभर शिरा घेऊन गेले. तिनं वाटी घेतली, हसली, आणि मी चहा पिता पिता विचारूनच टाकलं, “तुझी बहीण एसटीत काय म्हणत होती गं? ‘तिला जर कळलं, तर मग ती’… पुढं काय?”

“जाऊ द्या की अक्का.”

“सांग. मला झोप न्हाई त्या वाक्यापायी.”

सुमननं कपाकडं बघत सांगितलं, “म्हनली असंल, ‘तर मग ती धुऱ्यावर जत्रा भरवील.’ आमी घरात असंच म्हनतो तुमाला.”

मी कप खाली ठेवला आणि उठले. अमावस्या होती. नव्या वाटेनं लोक नारळ घेऊन आमच्या रानाकडं चालले होते, आणि पुढं उभं राहून शेंदूर लावायला मला उशीर होत होता.