कार्ड बदलू का मॉनिटर?

सिग्नल सुटला की आमचे शेजारी आधी हात समोर ताणायचे, "हिरवा!" असं खणखणीत ओरडायचे आणि मगच स्कूटर हलवायचे. मागे बसलेल्यानेही "हिरवा" म्हणायचं, असा त्यांचा दंडक. पहिल्यांदा मी लाजून गप्प बसले, तर जयपुरात, जगतपुऱ्याच्या भर चौकात स्कूटर तशीच उभी! मागे हॉर्नचा गदारोळ. शेजारच्या ऑटोवाल्याने काळजीने विचारलं, "भाईसाब, तबीयत तो ठीक है?"

"इंजिनात आम्ही दोघं असतो, ताई," ते नंतर म्हणाले. "एकानं बोलायचं, दुसऱ्यानं सोताच्या डोळ्यांनी पाहून तेच बोलायचं. पण न दिसता बोलायचं नाही."

ते आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. मूळचे नागपूरचे, रेल्वेत ड्रायव्हर, बदलीने जयपूरला आलेले. मराठी बोलायला इथे माणूस मिळत नाही, त्यातून मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारी, त्यामुळे त्यांच्याकडे माझं येणंजाणं फार. आणि सुटीच्या दिवशी हा माणूस काय करायचा, तर कॉम्प्युटरवर रेल्वे चालवायचा गेम खेळायचा! तुमच्याही शेजारी असा एखादा असेल. वहिनी म्हणायच्या, "मी डबा असती तं माह्याकडं वळून तरी पाहिलं असतं."

गेल्या हिवाळ्यात त्यांना एकाच प्रश्नाने धरलं. जिन्यात भेटले की, "ताई, कार्ड बदलू का मॉनिटर?" वहिनींनी दोन्हींपैकी एकच मंजूर केलं होतं. विचारताना ते हसायचे, पण हसणं ओठांपुरतंच असायचं. एका खेळासाठी माणूस इतका का घाबरा होतो, ते मला कळेना.

मी विचारलं, "चित्र अडखळतं की धूसर दिसतं? अडखळत असेल तर ग्राफिक्स कार्ड. धूसर असेल तर मॉनिटर."

"अडखळत नाही. दूरचा सिग्नल धुरकट होऊन राहिला."

"मग मॉनिटर," मी ऐटीत निकाल दिला.

मॉनिटर आला. वहिनींनी त्याला हळदकुंकू लावलं, पेढ्यांचं ताट आणलं. गेम सुरू झाला, लांबच्या वळणावर सिग्नल दिसला. "पिवळा," मी सवयीने म्हणाले. त्यांचा हात समोर ताणलेला, पण तोंड बंद. गाडी बरीच पुढे गेली, तेव्हा कुठे ते म्हणाले, "पिवळा."

मग माझ्याकडे वळले. "तुमाले तिथूनच दिसला?"

"हो."

"मंग कार्डच खराब असन. हो ना, ताई? कार्डच."

इतक्या आशेने त्यांनी विचारलं. हो म्हणणं किती सोपं होतं! पण पडदा एकच होता आणि मला स्वच्छ दिसलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना खरी गाडी न्यायची होती, मागे माणसांनी भरलेले डबे. नजरेत खोट निघाली की ड्रायव्हरला इंजिनावरून उतरवतात, हे त्या घरात कुणी कुणाला सांगायला नको होतं. वहिनी ताट हातात धरून तशाच उभ्या होत्या.

"कार्ड नाही," मी कसंबसं म्हणाले.

पुढचा सिग्नल आला. "हिरवा," मी म्हटलं आणि जीव मुठीत धरून त्यांच्याकडे पाहत राहिले. माझ्यामागून नुसतं म्हणायचं होतं. आम्हा दोघींना काही कळलं नसतं.

"मले नाही दिसला," ते म्हणाले.

त्यांनी गेम बंद केला आणि ड्यूटी लावणाऱ्या ऑफिसला फोन केला. "कल गाडी पर मत लगाइए, साहब. आँखें दिखानी हैं." फोन ठेवून त्यांनी मॉनिटरवरच्या हळदकुंकवाच्या बोटांकडे पाहिलं. "धुक्याचे दिवस, ताई. गाडीवर वाटे धुकं आहे, घरी वाटे मॉनिटर."

मला हायसं वाटलं आणि त्याच वेळी रडूही आलं.

डोळ्यांचा आजार बराच पुढे गेला होता. आहे ती नजर टिकेल, गेलेली परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यांना नागपूरला टेबलाचं काम मिळालं. जाताना मॉनिटर स्वतः उचलून माझ्या घरी ठेवून गेले. "तुमच्याकडं राहू द्या. चांगला आहे. त्याची काही चूक नव्हती."

आता कधीतरी मीच तो गेम लावते. गाडी स्टेशनात उभी असते. समोर सिग्नल हिरवा होतो, अगदी स्वच्छ. मी हात ताणते, मोठ्याने म्हणते, "हिरवा!" आणि दुसरा आवाज येईल म्हणून गाडी उभीच ठेवते.